इंग्लंडचा गावाकडचा भाग बघायचाय? आधी पायवाट निवडा

मुलाकडे किंवा मुलीकडे दोन-तीन महिने इंग्लंडला जाणाऱ्या वाचकांचे प्रश्न दर उन्हाळ्यात येतात आणि ते बहुतेक सारखेच असतात. लंडन बघून झालं, आता खेडी बघायची आहेत. पण नक्की जायचं कुठे? नॅशनल पार्कचं तिकीट कुठे मिळतं? कुणाच्या शेतातून चाललो तर हाकलून देतील का? मुलांना सुट्टी नाही आणि आमच्याकडे गाडी नाही, मग आम्ही दोघंच गेलो तर जमेल का? शाकाहारी माणसाने खायचं काय?

या प्रश्नांना कंटाळून बरेचजण शेवटी एका दिवसात चार-पाच गावं दाखवणाऱ्या बसमध्ये बसतात. प्रत्येक गावात जेमतेम फोटो काढण्यापुरता वेळ मिळतो आणि घरी परतल्यावर कुठलं गाव कुठलं, तेही आठवत नाही. माझा सल्ला वेगळा आहे. एका दिवसाला एक पायवाट धरा. गावं, चर्च, मेंढरांची कुरणं, ओढे हे सगळं त्या वाटेवर लागतंच. गाडी नसली तरी चालतं, साठी उलटली असली तरी चालतं. फक्त वाट नीट निवडावी लागते.

तिकीट कशाला लागतं, कशाला नाही

इंग्लंडमध्ये १० नॅशनल पार्क आहेत. आपल्याकडच्या अभयारण्यांसारखं प्रवेशद्वार, परवाना, ठरावीक वेळ असं तिथे काही नसतं. पार्कच्या हद्दीत माणसं राहतात, शेती करतात, शाळा आणि दुकानं चालतात. प्रवेश कायम मोफत आहे. पैसे पडतात ते गाडी लावायचे.

तिकीट असतं ते जुने वाडे, बागा, किल्ले आणि संग्रहालयांना. यातल्या पुष्कळ जागा दोन संस्थांकडे आहेत: १८९५ मध्ये स्थापन झालेली नॅशनल ट्रस्ट आणि इंग्लिश हेरिटेज. स्टोनहेंज इंग्लिश हेरिटेजकडे आहे. तिथलं तिकीट आधी काढलेलं बरं. इंग्लिश हेरिटेजचा परदेशी पाहुण्यांसाठी ९ आणि १६ दिवसांचा पास असतो, पण तो तीन-चार ठिकाणं बघणार असाल तरच परवडतो. तुमच्या मुलांकडे नॅशनल ट्रस्टचं सदस्यत्व असेल तर त्यांच्या गाडीचं पार्किंग ट्रस्टच्या बहुतेक जागी फुकट होतं. मात्र सदस्यत्व नावावर असतं, त्यामुळे तुमचं प्रवेशाचं तिकीट वेगळं काढावं लागेल.

पायवाटेवरचा तुमचा हक्क

हा भाग नीट वाचा, कारण बहुतेक संकोच इथेच सुटतो.

इंग्लंड आणि वेल्समध्ये मिळून सुमारे २,२५,००० किलोमीटर सार्वजनिक वाटा आहेत. त्या खासगी शेतांतून, कुरणांतून, कधी कुणाच्या अंगणाच्या कडेने जातात. जमीन मालकाची, पण वाटेवरून चालण्याचा हक्क सर्वांचा. त्याला नागरिकत्वाची अट नाही. सहा महिन्यांच्या व्हिसावर आलेल्या पाहुण्यालाही तो तितकाच आहे.

हा हक्क लोकांनी मागून, भांडून राखलेला आहे. २४ एप्रिल १९३२ रोजी मँचेस्टर आणि शेफील्डकडचे शेकडो कामगार तरुण किंडर स्काउटच्या पठारावर मुद्दाम घुसले, कारण शिकारीसाठी राखलेली ती माळरानं सामान्यांना बंद होती. त्यांच्यातल्या पाच जणांना पुढे कैद झाली. नॅशनल पार्कचा कायदा १९४९ मध्ये आला आणि किंडर स्काउट ज्यात आहे तो पीक डिस्ट्रिक्ट १९५१ मध्ये देशातला पहिला नॅशनल पार्क झाला. पुढे २००० सालच्या कायद्याने डोंगर, माळरान आणि नोंदलेली गायरानं इथे वाट सोडूनही पायी फिरायला मोकळीक दिली.

वाटेवर खांबांना आणि फाटकांना बाणाच्या चकत्या ठोकलेल्या असतात. रंग लक्षात ठेवा:

- पिवळा बाण: फक्त पायी चालणाऱ्यांसाठी. तुमचं काम बहुतेक याच्यावरच होईल.
- निळा बाण: पायी, घोड्यावरून आणि सायकलवरून.
- जांभळा बाण: वरचे सगळे आणि घोडागाडी, मोटारींना मनाई.
- लाल बाण: मोटारींसह सगळ्यांसाठी.
- ओकच्या फळाचं चित्र: लांब पल्ल्याची राष्ट्रीय पायवाट.
- ‘परमिसिव्ह पाथ’ अशी पाटी: मालकाने आपखुशीने दिलेली वाट. इथे हक्क नाही, तो ती बंद करू शकतो.

अडचणी कुठे येतात तेही सांगतो.

‘प्रायव्हेट’ पाटी दिसली की आपली माणसं मागे फिरतात. आधी बाण बघा. सार्वजनिक वाट त्याच दिशेला जात असेल तर पाटी वाटेच्या दोन्ही बाजूंच्या जमिनीबद्दल असते, वाटेबद्दल नाही. लोकांना सार्वजनिक वाटेवरून परतवण्यासाठी खोटी पाटी लावणं बेकायदा आहे.

वाट उभ्या पिकात शिरलेली दिसली तर पीक तुडवायला जीव धजावत नाही, आणि ते समजण्यासारखं आहे. पण नांगरणी-पेरणीनंतर वाट मोकळी करून देणं ही शेतकऱ्याची कायदेशीर जबाबदारी आहे. शेताच्या मधून जाणारी पायवाट किमान एक मीटर रुंद मोकळी हवी. ती केलेली नसेल, तर नकाशावरच्या वाटेनेच एकामागे एक सरळ चाला. बांधावरून वळसा घालायची सक्ती तुमच्यावर नाही.

वाट तारेने किंवा कुलपाने बंद असेल तर अडथळ्याच्या बाजूने जवळचा वळसा घेऊन पुढे जा. शेतकऱ्याशी वाद घालत बसू नका. जागेचा फोटो काढा आणि त्या भागाच्या काउंटी कौन्सिलच्या ‘राइट्स ऑफ वे’ विभागाला कळवा. तक्रार कुणीही करू शकतं.

एक मर्यादाही आहे. हा हक्क चालण्याचा आहे. वाटेत थांबून डबा खायला हरकत नाही, पण तंबू ठोकून रात्र काढायला जमीनमालकाची परवानगी लागते. अपवाद डार्टमूरच्या काही भागांचा. तिथली मुभा सर्वोच्च न्यायालयाने मे २०२५ मध्ये कायम ठेवली.

गाडी नसताना: कुठून सुरुवात कराल

चेस नदीची वाट. अगदी पहिल्यांदा जाणार असाल तर हीच घ्या. लंडनच्या भुयारी रेल्वेची मेट्रोपॉलिटन लाइन थेट चेशम गावापर्यंत जाते. रोजचंच कार्ड चालतं. तिथून नदीच्या काठाने लॅटिमर गावाकडे चालत यायचं आणि चाल्फंट अँड लॅटिमर स्टेशनवर परतीची गाडी पकडायची. खडूच्या खडकातून झिरपलेल्या पाण्यावर वाहणाऱ्या नद्या जगात थोड्याच आहेत आणि त्यातल्या बहुसंख्य इंग्लंडमध्ये आहेत. चेस त्यांपैकी एक. पाणी इतकं नितळ की तळाचे खडे दिसतात.

बॉक्स हिल. लंडनहून ‘बॉक्स हिल अँड वेस्टहंबल’ स्टेशनला तासाभरात पोहोचता येतं. मोल नदी दगडांवर पाय ठेवत ओलांडायची आणि मग चढ. नदीला पाणी जास्त असेल तर दगड बंद असतात. जवळच छोटा पूल आहे. चढाच्या पायऱ्या खड्या आहेत, गुडघे दुखत असतील तर हा बेत नको.

ब्रायटनची छत्री. इथे मात्र मी आग्रह धरीन. पहिल्या महायुद्धात जखमी झालेल्या हिंदी सैनिकांसाठी ब्रायटनच्या राजवाड्यात, रॉयल पॅव्हिलियनमध्ये, इस्पितळ उघडलं होतं. तिथे आणि शहरातल्या इतर इस्पितळांत जे हिंदू आणि शीख सैनिक गेले, त्यांना गावाबाहेर टेकडीवर नेऊन अग्नी दिला गेला. त्या ५३ जणांच्या दहनाच्या जागी पांढऱ्या संगमरवराची घुमटी उभी आहे. तिचं नावच ‘छत्री’. रचना मुंबईच्या ई. सी. हेन्रिक्स या तरुण वास्तुविशारदाची. १९२१ मध्ये तिचं अनावरण झालं. छत्रीपर्यंत मोटार जात नाही. ब्रायटनच्या उत्तरेला पॅचमच्या वरच्या बाजूने साउथ डाउन्सच्या मोकळ्या टेकड्यांवरून चालतच जावं लागतं. वाटेत मेंढ्या असतात आणि मागे वळून पाहिलं की समुद्र दिसतो. दर जूनमध्ये तिथे स्मरणाचा कार्यक्रम होतो. ब्रायटनला जाऊन फक्त समुद्रकिनारा बघून परतणाऱ्या आपल्या मंडळींना याचा पत्ताच नसतो, याचं मला वाईट वाटतं.

ब्रायटनहूनच १२ नंबरच्या बसने सेव्हन सिस्टर्सच्या पांढऱ्या कड्यांकडे जाता येतं. हा कडा ठिसूळ खडूचा आहे आणि अचानक कोसळतो. वरून टोकाशी जाऊ नका आणि खालून कड्याला टेकून बसू नका. फोटोसाठी तर मुळीच नको.

कॉट्सवोल्ड्स. लंडनच्या पॅडिंग्टनहून मोरटन-इन-मार्शला साधारण दीड तास, तिथून बसने बोर्टन-ऑन-द-वॉटर. बोर्टनमध्ये उन्हाळ्यात जत्रेसारखी गर्दी असते. तिथे रेंगाळू नका. शेतांतून लोअर स्लॉटरला चालत जा, तिथून ओढ्याच्या काठाने अपर स्लॉटरला. दोन्ही टप्पे मिळून चार किलोमीटरच्या आसपास आणि जवळजवळ सपाट. गर्दी पहिल्या वळणालाच मागे राहते. बायबरीतली जुनी घरं फोटोत फार सुंदर दिसतात, पण तिथे आजही लोक राहतात. खिडकीतून डोकावू नका, दारात बसू नका.

लेक डिस्ट्रिक्ट. एका दिवसात उरकण्याचा हा भाग नव्हे, किमान दोन मुक्काम करा. लंडनच्या यूस्टनहून ऑक्सनहोमला गाडी बदलून विंडरमिअर. स्टेशनसमोरच ऑरेस्ट हेड टेकडीची वाट सुरू होते. अर्ध्या-पाऊण तासात माथ्यावर पोहोचता आणि समोर अख्खं सरोवर आणि मागची शिखरं. आल्फ्रेड वेनराइट १९३० मध्ये तरुणपणी इथे आला, हा देखावा पाहिला आणि पुढे या डोंगरांवर हाताने लिहिलेली, हाताने चितारलेली सात पुस्तकं त्याने केली. ग्रासमिअरला वर्ड्सवर्थचं डव्ह कॉटेज आहे, तेही बसच्या टप्प्यात.

गुडघे दुखत असतील, व्हीलचेअर असेल तर

इंग्लिश वाटांवर कुंपण ओलांडायला लाकडी पायऱ्या असतात, त्यांना ‘स्टाइल’ म्हणतात. उंच पायरी, वर धरायला काही नाही, खाली चिखल. ज्येष्ठांना खरा त्रास चढापेक्षा यांचाच होतो. लेक डिस्ट्रिक्टने म्हणून ‘माइल्स विदाउट स्टाइल्स’ नावाने या पायऱ्या नसलेल्या वाटांची यादी केली आहे आणि कुठली वाट व्हीलचेअरला चालेल तेही त्यात सांगितलं आहे. इतर नॅशनल पार्कांच्या माहिती केंद्रांतही अशा वाटा विचारा.

पीक डिस्ट्रिक्टमधली मॉन्सल ट्रेल ही जुन्या रेल्वेमार्गावरची वाट माझ्या मते ज्येष्ठांसाठी सर्वोत्तम. साडेआठ मैल, रुंद, जवळपास सपाट, मधे दिवे लावलेले बोगदे आणि दरीवरचा उंच पूल. हवं तितकं चालून मागे फिरा. हॅसपला भाड्याने सायकली मिळतात. कालव्यांच्या काठच्या वाटाही अशाच सोप्या असतात.

प्रवासखर्च कमी करायचा तर

- वय ६० पूर्ण असेल तर ‘सीनियर रेलकार्ड’ काढा. पासपोर्ट दाखवून ते मिळतं, ब्रिटनचं नागरिक असावं लागत नाही. बहुतेक तिकिटांवर एक तृतीयांश सूट मिळते. कामाच्या दिवशी सकाळच्या गर्दीच्या गाड्यांना काही भागांत बंधन असतं.
- नेहमी दोघंच फिरणार असाल आणि साठीच्या आत असाल तर ‘टू टुगेदर’ कार्ड. त्यावर दोघांचे फोटो असतात, दोघांनी बरोबरच प्रवास करावा लागतो.
- नातवंडं बरोबर असतील तर ‘फॅमिली अँड फ्रेंड्स’ कार्डावर मुलांच्या तिकिटात ६० टक्के सूट मिळते.
- इंग्लंडमधल्या बहुतेक स्थानिक बसचं एकेरी भाडं २०२५ पासून कमाल ३ पौंड आहे. ज्येष्ठांचा मोफत बसपास मात्र तिथल्या रहिवाशांनाच मिळतो.

कधी जावं

एप्रिलअखेर ते मेच्या मध्यापर्यंत जंगलांत ब्लूबेलची निळी फुलं जमीन झाकून टाकतात. लंडनजवळ त्यासाठी ॲशरिज चांगलं. फुलांत शिरून फोटो काढू नका, तुडवलेले कंद पुन्हा धरायला वर्षं लागतात. जुलैत लॅव्हेंडरची शेतं, जून-जुलैत स्वतः तोडून वजनावर घ्यायच्या स्ट्रॉबेऱ्या, ऑगस्टमध्ये नॉर्थ यॉर्क मूर्सची जांभळी माळरानं, ऑक्टोबरात वेस्टनबर्टची झाडं. जूनमध्ये रात्री नऊपर्यंत उजेड असतो. डिसेंबरात चार वाजताच अंधारतं, तेव्हा हिवाळ्यात दुपारी तीनला वाट संपलेलीच बरी.

डोंगर लहान आहेत म्हणून गाफील राहू नका

सह्याद्रीत फिरलेल्यांना हे मुद्दाम सांगतो. इंग्लंडचं सर्वोच्च शिखर स्काफेल पाइक ९७८ मीटरचं आहे; आपली कळसूबाई १६४६ मीटर. पण तिथे हवा तासाभरात पालटते, ढग खाली उतरले की दहा पावलांवरचं दिसत नाही आणि भर जुलैत वाऱ्या-पावसाने अंग काकडतं. वरच्या भागात जाताना हे हवंच:

- पाणी आत न येणारं जाकीट. छत्री वाऱ्यात टिकत नाही.
- जीन्स नको. भिजली की वाळत नाही आणि थंडी भरते.
- घोट्याला आधार देणारे, तळव्याला खाचा असलेले बूट. उन्हाळ्यात नदीकाठच्या वाटांना साधे स्पोर्ट शूज पुरतात.
- ऑर्डनन्स सर्व्हेचा नारिंगी मुखपृष्ठाचा ‘एक्सप्लोरर’ नकाशा. चार सेंटिमीटर म्हणजे एक किलोमीटर, सार्वजनिक वाटा हिरव्या तुटक रेघांनी. दऱ्यांत मोबाइलला रेंज नसते, म्हणून कागदी नकाशा किंवा आधीच उतरवून ठेवलेला.
- उंच गवतातून, नेच्यांतून चालणार असाल तर पायघोळ पँट, मोज्यांत खोचलेली. या गवतातल्या गोचिडीपासून लाइम आजार होऊ शकतो. घरी आल्यावर अंग तपासा, गोचीड चिमट्याने त्वचेलगत धरून सरळ ओढा. पुढच्या काही आठवड्यांत चट्टा गोल पसरत गेला किंवा ताप आला तर डॉक्टरांना गोचिडीबद्दल सांगा.

गुरं, फाटकं आणि कुत्री

फाटक उघडं असेल तर उघडं, बंद असेल तर बंद ठेवा. मेंढ्या-घोड्यांना काही खायला घालू नका. न्यू फॉरेस्टमधले मोकळे फिरणारे घोडेसुद्धा मालकीचे आहेत आणि त्यांना खाऊ घालायला बंदी आहे.

गाईंची भीती तिथे खरी आहे. आपल्या रस्त्यावरच्या गाईंची सवय धरून त्यांना हात लावायला जाऊ नका. वासरं बरोबर असलेल्या गाई अंगावर येतात, विशेषतः कुत्रा दिसला की. गाय आणि वासरू यांच्या मधून कधीही जाऊ नका, कळपाला लांबून वळसा घाला, पळू नका. मुलांचा कुत्रा बरोबर असेल आणि गाई धावून आल्या तर पट्टा सोडा. कुत्रा निसटतो, तुम्ही वाचता. दुभत्या जातींचा मोठा वळू सार्वजनिक वाट असलेल्या शेतात सोडायला कायद्याने मनाई आहे. इतर जातींचा चालतो, पण फक्त गाईंबरोबर.

जेवणाचं काय

गावातलं हॉटेल म्हणजे पब. दारू घ्यावीच असं काही नाही, मुलांनाही बहुतेक ठिकाणी चालतं. टेबलावर बसून वाट बघू नका. बारपाशी जाऊन ऑर्डर आणि पैसे द्यायचे. दुपारचं स्वयंपाकघर बऱ्याच ठिकाणी दोन-अडीचला बंद होतं ते संध्याकाळी सहापर्यंत, म्हणून साडेबाराला जेवायला बसा. पिण्याचं साधं पाणी मागितलं तर मोफत देणं पबवर बंधनकारक आहे.

शाकाहारी वाचकांनो, मेनूवर ‘व्ही’ अक्षर शोधा. चीज आणि बीन्स घातलेला भाजलेला बटाटा जवळजवळ सगळीकडे मिळतो. पण एक गोष्ट विचारल्याशिवाय राहू नका: चिप्स कशात तळल्या आहेत? उत्तरेत, विशेषतः यॉर्कशरमध्ये, अनेक दुकानं त्या गाईच्या चरबीत तळतात. मांसाहारी असूनही गोमांस न खाणाऱ्यांनीही हे विचारायलाच हवं.

गाडी भाड्याने घेतलीत तर

भारतीय लायसन्सवर आल्यापासून १२ महिने मोटार चालवता येते आणि वाहतूक आपल्यासारखीच डावीकडून. गिअर बदलायची सवय नसेल तर ऑटोमॅटिक गाडी आधीच सांगून ठेवा. गावाकडचे रस्ते एका गाडीच्या रुंदीचे, दोन्हीकडे उंच कुंपणं. समोरून गाडी आली की डावीकडच्या रुंद जागेत शिरा. रुंद जागा उजवीकडे असेल तर तिच्यासमोर आपल्याच बाजूला थांबा. गरज पडल्यास मागे घ्या. पांढऱ्या गोलावर तिरपी काळी रेघ म्हणजे अशा रस्त्यावर ताशी ६० मैलांची कमाल मर्यादा. वळणावर तो वेग जीवघेणा आहे.

अडचण आली तर

डोंगरात कुणी पडलं तर ९९९ लावा, ‘पोलीस’ मागा आणि मग ‘माउंटन रेस्क्यू’. समुद्रकाठी ‘कोस्टगार्ड’. ही डोंगरातली पथकं स्वयंसेवकांची आहेत आणि सुटकेचे पैसे घेत नाहीत, तेव्हा खर्चाच्या भीतीने फोन टाळू नका. फोन लागत नसेल तर मिनिटाला सहा शिट्ट्या, मग एक मिनिट थांबा, पुन्हा सहा. तातडी नसलेल्या दुखण्यासाठी १११. अपघात विभागातले पहिले उपचार पाहुण्यांनाही मोफत असतात, पण दाखल व्हावं लागलं तर बिल येतं आणि ते मोठं असतं. प्रवास विम्यात पायी भटकंती धरली आहे का, हे भारतातून निघण्यापूर्वीच तपासा.

आदल्या संध्याकाळी

- रविवारी रेल्वेची दुरुस्तीची कामं असतात आणि गावांच्या बस अनेकदा नसतातच. दोघंच जाणार असाल तर मंगळवार ते शनिवार बरा. सोमवारी काही पब बंद असतात.
- परतीची शेवटची बस कधी, ते जाण्याआधी लिहून घ्या. ती बऱ्याच गावांत संध्याकाळी सहाच्या आतच सुटते. तिच्या आधीची बस धरायची, असा बेत करा.
- कुठल्या स्टेशनहून, कुठल्या वाटेने, किती वाजेपर्यंत परत, हे घरच्यांना कागदावर लिहून द्या, आणि उशीर झाला तर त्यांनी कधी चौकशी सुरू करायची तेही ठरवून ठेवा.